धन्याचा हुकूम आणि देवाची आज्ञा

वाचावयाचे भाग : १ राजे, अध्याय २१, प्रेषितांची कृत्ये, अध्याय ५



रत्नागिरीहून पूर्वेस निघालेला मनुष्य हातखंब्याच्या तिठ्यावर पोहोचला म्हणजे त्यास क्षणभर थांबून वाट निवडावी लागते. एक रस्ता निवळीवरून मुंबईकडे जातो. दुसरा पालीकडे वळतो. तेथून लांजे, राजापूर करीत गोव्यास जाता येते, किंवा साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूर गाठता येते. मुंबईस जावयाचे असून गाडी पालीच्या वाटेस लागली, तर ती कितीही वेगाने हाकली तरी मुंबई जवळ येत नाही. आणि "मला धन्याने ह्याच वाटेने जा म्हणून सांगितले," असे हाकणाराने म्हटल्याने चुकलेली वाट बरोबर होत नाही. आज आपणांपुढे जो प्रश्न ठेवावयाचा आहे तो असाच तिठ्यावरचा आहे. ज्याचे मीठ आपण खातो त्याने अन्यायाचे काम सांगितले, तर चाकराने काय करावे?

हा प्रश्न आम्ही पुस्तकातून काढलेला नाही. ह्या तिठ्यावरून जाणाऱ्या ६६ क्रमांकाच्या महामार्गाचे चौपदरीकरण निघाले आणि कोकणात गावोगावी रस्त्यालगतच्या जमिनी संपादनात गेल्या. ज्या वरकस तुकड्याकडे पूर्वी कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्यास मोबदला आला. जेथे दोनतीन पिढ्यांत वाटणी झाली नव्हती, तेथे वारसांच्या याद्या होऊ लागल्या. अशा वेळी कोणत्याही गावी एक मोह दाराशी येऊन बसतो. सासरी गेलेल्या बहिणीचे नाव गाळावे, मुंबईस गिरणीत जाऊन तिकडेच वारलेल्या भावाची मुले विसरावी, आणि पंचांकडून "एवढेच वारस" असे लिहून घ्यावे, असे कोणाच्या तरी मनात येते. असे काम करणारा बहुधा स्वतःच्या हाताने करीत नाही. त्यास लिहिणारा, सही करणारा आणि साक्ष देणारा हवा असतो. तो लिहिणारा कोणाचा कारकून असतो, सही करणारा कोणाचा कूळ किंवा कर्जदार असतो. आणि साक्षीस शक्य तर असा मनुष्य पाहतात की ज्याच्या शब्दावर गावाचा विश्वास आहे. म्हणजे पुष्कळदा आपणांपैकीच एक.

येथे आम्हांस आमची स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढील बोध करण्याचा आम्हांस अधिकार राहणार नाही. आम्ही तरुणपणी कोकणातल्या एका गावी शाळा व उपासना चालवीत होतो. ज्यांच्या पडवीत शाळा भरे, त्या गृहस्थांनी एके सायंकाळी एक कागद पुढे केला. "मास्तर, एवढी सही करा. साऱ्या गावास ठाऊक आहे, म्हाताऱ्यास दोनच मुलगे." आम्ही त्या गावी नवे होतो. आम्हांस काहीच ठाऊक नव्हते. परंतु पडवी त्यांची होती. आम्ही सही केली. पुढे काही वर्षांनी एक बाई मुंबईहून मूल कडेवर घेऊन आली आणि शाळेच्या दाराशी उभी राहिली. ती त्या म्हाताऱ्याची मुलगी होती. तिने आम्हांस शिवी दिली नाही. तिने एवढेच विचारले, "मास्तर, मी नाही असे तुम्ही कशावरून लिहिलेत?" ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. "मला सांगितले होते" हे शब्द ओठांवर आले, परंतु ते तिच्यासमोर उच्चारण्याची लाज वाटली.

आता शास्त्राकडे वळू. इज्रेलात नाबोथ नावाच्या मनुष्याचा मळा राजवाड्यालगत होता. अहाब राजास तो भाजीच्या बागेसाठी हवा झाला. नाबोथाने वडिलोपार्जित वतन देण्यास नकार दिला. राजा रुसून भिंतीकडे तोंड करून निजला. मग ईजबेल राणीने अहाबाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर त्याची मोहोर केली आणि ती नाबोथाच्या गावच्या वडिलांकडे व सरदारांकडे पाठविली. उपास पुकारा, नाबोथास लोकांपुढे बसवा, दोन अधम मनुष्ये उभी करून त्याजवर देवनिंदेचा व राजनिंदेचा आरोप ठेवा आणि त्यास धोंडमार करा, असा त्यांतील मजकूर होता. वाचकहो, हे काम ईजबेलीने केले असे आपण म्हणतो; परंतु तिने हातात धोंडा घेतला नाही. गावच्या वडिलांनी पत्रातल्याप्रमाणे सर्व काही केले आणि काम फत्ते झाल्याचा निरोप उलट पाठविला. एकानेही विचारले नाही की नाबोथाचा अपराध कोणता. कागद रीतीचा होता, मोहोर खरी होती, उपास धर्माचा होता, साक्षीदार नियमाप्रमाणे दोन होते. खोटे होते ते एवढेच, की सारे खोटे होते.

ह्याच्या उलट मिसर देशात पाहा. फारो राजाने इब्री सुइणींस हुकूम केला की मुलगा जन्मला तर मारून टाका. हे कामही लहान माणसांवरच सोपविले होते, आणि सांगणारा तर त्या काळचा मोठा राजा. परंतु सुइणींनी देवाचे भय धरिले आणि मुलगे जिवंत ठेविले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. निर्गमाच्या पुस्तकाने त्या फारोचे नाव लिहून ठेविले नाही, सुइणींची नावे मात्र लिहिली आहेत : शिप्रा व पुवा. इज्रेलच्या वडिलांपैकीही एकाचे नाव शास्त्रात नाही. ज्यांनी हुकूम पाळून आपली जागा राखिली त्यांस जग विसरले, आणि ज्यांनी देवाचे भय धरून हात आवरला त्या दोन सुइणी आजही आपल्या मुलांस शिकविल्या जातात.

कोणी म्हणेल, "हे ठीक, परंतु पौलाने रोमकरांस लिहिताना अधिकाऱ्यांच्या अधीन राहावे असेही सांगितले आहे. मग आज्ञा मोडणारा ख्रिस्ती कसा?" हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. त्याच अध्यायात पौल अधिकाऱ्यास देवाचा सेवक म्हणतो आणि तो चांगल्यासाठी नेमिलेला आहे असे सांगतो. जो सेवक आहे त्याचा अधिकार त्याच्या धन्याच्या अधिकाराहून मोठा असू शकत नाही. रस्त्याच्या कामावरील मुकादम आखलेल्या रेषेत खडी टाकावयास सांगेल, तर मजुराने ती टाकलीच पाहिजे. ऊन आहे, अंग दुखते, मुकादम खडूस आहे, ही कारणे चालणार नाहीत. परंतु त्याच मुकादमाने शेजाऱ्याच्या विहिरीत खडी लोटावयास सांगितले, तर तो रस्ता करणाऱ्याच्या वतीने बोलत नसतो. त्यास तो अधिकार कोणी दिलेलाच नाही. पेत्र व योहान धर्मसभेपुढे उभे राहिले तेव्हा त्यांनी हेच तत्त्व धरिले. मनुष्याची व देवाची आज्ञा परस्परविरुद्ध झाली तर देवाचीच मानली पाहिजे, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. तरी त्यांनी सभेवर हात उगारला नाही, आणि फटके बसले ते सोसले.

आता कायद्याकडे पाहू. कारण पुष्कळ भाबड्या बंधूंस वाटते की धर्म एक सांगतो आणि कायदा दुसरे, आणि पोट भरावयाचे तर कायद्याप्रमाणे धन्याचे ऐकलेच पाहिजे. गोष्ट तशी नाही. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही चालू आहे. त्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे ज्या कराराचा हेतू कायद्याने मना केलेला आहे, कपटाचा आहे, दुसऱ्याच्या देहास किंवा मालमत्तेस अपाय करणारा आहे, किंवा नीतीविरुद्ध आहे, तो करार रद्दबातल होय. चाकरी हाही करारच. तुम्ही धन्यास आपला दिवस विकला, आपली खोटी साक्ष विकली नाही. आणि विकली असे म्हणाल तरी कायदा तो सौदा ओळखत नाही.

फौजदारी कायद्याचेही तेच. १८६० चा दंडसंग्रह जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, परंतु ह्या बाबतीतले तत्त्व बदलले नाही. वरिष्ठाच्या हुकमाप्रमाणे वागणाऱ्या शिपायास कायदा संरक्षण देतो, पण तो हुकूम कायद्यास धरून असेल तेव्हाच. बेकायदेशीर हुकूम हा हुकूमच नव्हे. धाकाने केलेल्या कृत्यासही मर्यादा आहे : तत्काळ जीव जाईल असे वाजवी भय असेल तरच ती सबब ऐकली जाते, आणि खुनास ती मुळीच चालत नाही. नोकरी जाईल, पडवी जाईल, कर्ज मागतील, ह्या भयास कायदा सबब मानीत नाही. न्यायाच्या कामात खोटा पुरावा देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, आणि जाणूनबुजून खोट्या दाखल्यावर सही करणे हाही त्याच जातीचा गुन्हा आहे. परंतु ह्यात दुबळ्यांचे सांत्वनही आहे. खोटी साक्ष दे म्हणून धमकावणारा स्वतः वेगळ्या गुन्ह्यास पात्र होतो. म्हणजे सही करणारा आपला जीव वाचवीत नाही. तो दुसऱ्याच्या गुन्ह्याचा अर्धा भार आपल्या डोक्यावर घेतो.

सर्व जगाने हे एकदा मोठ्या न्यायासनापुढे ऐकिले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ व १९४६ साली जर्मनीतील नुरेंबर्ग शहरी नाझी पुढाऱ्यांचे खटले चालले. तेथे आरोपींनी वरिष्ठांच्या हुकमाकडे बोट दाखविले. परंतु त्या न्यायासनाच्या सनदेतच लिहिले होते की हुकूम होता एवढ्याने मनुष्य दोषमुक्त होत नाही. फार तर शिक्षा ठरविताना त्याचा विचार होईल.

परंतु इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच महाराष्ट्रात ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मारणारे गारदी होते, म्हणजे पगारी शिपाई. मूळ हुकूम धरण्याचा होता आणि पत्रात 'ध' चा 'मा' करण्यात आला, अशी गोष्ट घरोघर सांगतात. ती तशीच घडली की नाही हा वाद बाजूस ठेवू. आपणांस बोध असा घ्यावयाचा की अक्षर कोणीही बदलो, तलवार उचलणारा हात गारद्याचाच होता. जिवाच्या आकांताने पळणाऱ्या तरुण धन्यास पाहूनही ज्याचा हात थांबला नाही, त्याने "कागदात असे होते" म्हणून कोणापुढे सांगावे?

त्याच वाड्यात दुसराही एक चाकर होता. रामशास्त्री प्रभुणे हे पेशव्यांचे न्यायाधीश. खुनानंतर रघुनाथराव गादीवर आले, म्हणजे शास्त्रीबोवांचे धनी तेच झाले. शास्त्रीबोवांनी चौकशी केली, दोष धन्यावर येतो असे त्यांस दिसले, आणि त्यांनी ते धन्याच्या तोंडावर सांगितले. ह्या पापास देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे नाही, असा निर्णय त्यांनी दिल्याचे प्रसिद्धच आहे. मग अशा राज्यात न्यायाचे आसन चालविणे नाकारून ते पुणे सोडून गेले. पुढे रघुनाथरावांचा अंमल गेल्यावर त्यांस सन्मानाने परत बोलाविण्यात आले, आणि १७८९ साली ते वारले. ते आपल्या धर्माचे नव्हते. परंतु ज्यांस शास्त्र मिळाले नाही त्यांच्याही अंतःकरणावर देवाने आपला नियम लिहिला आहे, असे पौल रोमकरांस सांगतो. ज्यांस तो लेखी मिळाला आहे, त्या आपणांस शास्त्रीबोवांहून मागे राहिलेले शोभेल काय?

आता एकदोन आक्षेप उरतात. पहिला हा : "मी नाही केले तर दुसरा करील, मग माझ्या नाकारण्याने काय साधले?" शौल राजाने नोब येथील याजकांस मारावयाचा हुकूम केला तेव्हा त्याच्या शिपायांनी हात उचलला नाही. तेथे दवेग अदोमी उभा होता. त्याने ते काम केले, आणि त्या दिवशी पंच्याऐंशी याजक मेले. शिपायांच्या नाकारण्याने ते वाचले नाहीत हे खरे. तरी त्या पंच्याऐंशी जणांचे रक्त शिपायांच्या हातांवर नाही, दवेगाच्या हातांवर आहे. देव तुम्हांस दवेगाचा हिशेब विचारणार नाही, तुमचा विचारील. शिवाय, गावात पाच जणांनी नाकारले म्हणजे सहाव्यास विचारताना विचारणाराची जीभ अडखळते, हाही आपला अनुभव आहे.

दुसरा आक्षेप ह्याहून कठीण आहे : "नाकारले तर चूल कशी पेटेल?" ह्याचे उत्तर आम्ही हलक्या मनाने देणार नाही. शद्रख, मेशख व अबेदनगो ह्यांस भट्टीतून देवाने सोडविले. परंतु भट्टीत जाण्यापूर्वी त्यांनी राजास जे कळविले त्याचा भाव असा होता की देवाने सोडविले नाही तरीही आम्ही नमणार नाही. नाकारणाऱ्यास सुटकेचे आश्वासन नेहमी मिळत नाही. म्हणूनच हा बोध एकट्या नाकारणाऱ्यास नसून साऱ्या मंडळीस आहे. एका बंधूने खरेपणासाठी चाकरी गमाविली आणि रविवारी आपण त्याची स्तुती करून सोमवारी त्याच्या घरावरून मुकाट्याने गेलो, तर आपण त्यास भट्टीत एकटे सोडिले. त्याच्या घरी तांदूळ पोहोचविणे, मुलांची फी भरणे, दुसरे काम शोधून देणे, हे मंडळीचे काम होय. अहाबाच्या वाड्याचा कारभारी ओबद्या ह्याने शंभर संदेष्ट्यांस गुहांत लपवून अन्नपाणी पुरविले. आपणांस एका घरासही पुरविता येणार नाही काय?

आता नाकारावे कसे, ह्याविषयी चार शब्द.

पहिले, काम कठीण आहे म्हणून नाकारता की पाप आहे म्हणून, हे स्वतःस विचारा. आळसास विवेकाचा अंगरखा घालू नका. ह्या कामाने कोणाचा हक्क, जीव किंवा अब्रू जाते काय? ज्याचे नुकसान होणार आहे तो समोर उभा असता तर मी हे केले असते काय? ह्या दोन प्रश्नांनी पुष्कळ उलगडा होतो. संशय राहिला तर पाळकास व कायदा जाणणाऱ्यास विचारा. विवेकही चुकू शकतो.

दुसरे, नम्रतेने नाकारा. बाबेलात दानीएलाने राजाचे अन्न नाकारिले, परंतु त्याने कारभाऱ्यास शिव्या दिल्या नाहीत. त्याने विनंती केली आणि दहा दिवस शाकान्न देऊन पाहा असा दुसरा मार्ग सुचविला. तुम्हीही धन्यास खाजगीत सांगा, "दादा, ही सही माझ्याने होणार नाही, परंतु बहिणीस पत्र लिहावयाचे असेल तर मी आज लिहितो." तंटा असेल तर त्यास खरी वाटही आहे. वारसाची नोंद प्रमाणित होण्यापूर्वी संबंधितांस नोटीस निघते व हरकतीस पंधरा दिवस मिळतात. महामार्गाच्या मोबदल्याच्या वाटणीविषयी वाद उत्पन्न झाला तर १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याप्रमाणे तो दिवाणी न्यायालयाकडे पाठविला जातो. आणि बहिणीचा हक्क हा भावाने घातलेली भीक नव्हे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करिता वारलेल्या ख्रिस्ती मनुष्याच्या मुलास व मुलीस सारखाच वाटा आहे. आणि २००५ च्या दुरुस्तीने हिंदू घरांतील मुलीसही वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आहे.

तिसरे, तोंडी हुकमाच्या आडोशास राहू नका. केंद्र सरकारच्या नोकरांस तर १९६४ च्या वर्तणूक नियमांनीच सांगितले आहे की वरिष्ठाचा तोंडी आदेश शक्य तितक्या लवकर लेखी करून घ्यावा. खाजगी चाकरीतही "हे मला लिहून द्या," एवढे शांतपणे म्हटल्याने पुष्कळ अन्याय जागच्या जागी थांबतो. उजेडात आणावयाचे ज्यास भय वाटते ते काम कोणते असेल हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायावरून आपणांस ठाऊक आहेच.

चौथे, एकट्याने जाऊ नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांस, मुलांस, अनुसूचित जातिजमातींच्या लोकांस व गरिबांस फुकट वकील मिळतो. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आहे. पाळकांनी व बोधकांनी ही गोष्ट उपासनेनंतर लोकांस समजावून सांगावी. ज्या बाईचे नाव गाळले गेले तिच्याबरोबर कचेरीपर्यंत चालत जाणे हीसुद्धा उपासनाच आहे.

प्रिय बंधूंनो, आमच्या त्या सहीचे पुढे काय झाले असे कोणी विचारील. आम्ही त्या बाईबरोबर तालुक्याच्या कचेरीत गेलो आणि आमची सही खोटी होती असे लिहून दिले. पडवी गेली; शाळा पावसाळाभर एका गोठ्यात भरली. त्या बाईस आपला वाटा मिळण्यास फार वर्षे लागली. जे एका सायंकाळी नाकारिता आले असते, ते सुधारण्यास इतका काळ गेला. म्हणून तुम्हांस विनवितो की तिठ्यावर असतानाच थांबा. कागद पुढे आला म्हणजे धन्याचे तोंड पाहू नका. ज्याचे नाव त्या कागदावर नाही त्याचे तोंड पाहा. प्रभू येशूने न्यायाच्या दिवसाविषयी सांगताना अगदी कनिष्ठास केलेले आपणांस केले असे म्हटले आहे, आणि न केलेलेही.

जो सर्व धन्यांचा धनी आहे तो आपल्या मंडळ्यांतील लिहिणाऱ्या, सही करणाऱ्या व साक्ष देणाऱ्या प्रत्येक हातास खरेपणाचे बळ देवो, आणि जे खरेपणामुळे संकटात पडतील त्यांच्या दाराशी आपणांस वेळेवर पोहोचवो. आमेन.